परक्याशी वाद, रात्रीचं जागरण

प्रश्न : बातमीखाली कुणी धडधडीत खोटं लिहिलं की मला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. बघता बघता रात्रीचा एक वाजतो. बायको चिडते. हे कसं थांबवू? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही भांडखोर आहात असं समजू नका. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की मवाळ माणसाचीही जीभ सुटते. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. शिवाय समाजमाध्यमांचं गणितही तुमच्या विरोधात असतं. फेसबुकने २०१७ मध्ये रागाच्या इमोजीला साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिलं होतं. ते पुढे काढलं. पण प्रतिक्रिया वाढल्या की पोस्ट पसरते, हे आजही खरं आहे. म्हणजे जे खोडायला जाता, त्याचीच जाहिरात करता. (फुकटात!)

उत्तर द्यायचंच तर एकदाच द्या, पुराव्यासह, आणि गप्प बसून वाचणाऱ्या तिसऱ्यासाठी. मग सूचना म्यूट करा. दुसरं उत्तर बहुतेक वेळा सत्यासाठी नसतं, शेवटचा शब्द आपला असावा म्हणून असतं. फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. वहिनींचा त्रागा रास्तच आहे.

आणि रागाच्या भरात कुणावर आरोप करू नका. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा सांगणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, तरी बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार आजही गुन्हा आहे.