मोटारसायकलचे लायसन : गाडी कोणती, वर्ग कोणता?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा व्यवस्थापन, खताचे हप्ते असे विषय घेतो. आज विषय लायसनचा आहे. शेतकी खात्याला याचे काय, असे कोणी म्हणेल. पण लागणीच्या नोंदी चालू झाल्या की गट ऑफिसपुढे सभासदांच्या पोरांच्या मोटारसायकली लागतात, आणि सातबारा घेऊन आलेले पोर पुष्कळदा अजून अकरावी-बारावीतच असते.

मागच्या गळीत हंगामात एका सभासदाचा मुलगा फडावरून घरी येताना मोटारसायकल घसरून पडला. पाय मोडला, गाडीचेही बरेच नुकसान झाले. विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला होता. तरी गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनीने नाकारला. वडील मुलाचे कार्ड घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "साहेब, लायसन तर हाय की!" आम्ही कार्ड पाहिले. लायसन होते, पण बिनगिअरच्या गाडीचे. मुलगा चालवत होता ती गिअरची मोटारसायकल. टेस्ट सोपी जाईल म्हणून अर्ज बिनगिअरचा भरला, टेस्टला बहिणीची स्कूटर नेली, आणि लायसन मिळाल्यावर कार्ड कोणी वाचले नाही.

तेव्हा कार्ड वाचायचे कसे ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्याचा अंमल १ जुलै १९८९ पासून सुरू झाला. या कायद्याने साध्या दुचाकीचे दोन वर्ग केले आहेत. पहिला बिनगिअरची मोटारसायकल. स्कूटी, मोपेड, बिनगिअरची स्कूटर ही सगळी त्यात येतात. दुसरा गिअरची मोटारसायकल. कार्डावर पहिल्या वर्गाला 'एम.सी.डब्ल्यू.ओ.जी.' आणि दुसऱ्याला 'एम.सी.डब्ल्यू.जी.' अशी अक्षरे असतात. फरक मधल्या 'ओ' चा. आडसाली आणि सुरू, दोन्ही ऊसच; पण नोंद एकाची आणि तोड दुसऱ्याची मागितली तर चिटबॉय स्लिप देत नाही, तसेच हे आहे. गिअरचे लायसन असलेल्याला स्कूटर चालवता येते. उलटे चालत नाही. म्हणून नव्याने काढायचे तर गिअरचेच काढावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी एक ध्यानात घ्यावे. हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर ट्रॅक्टर चालतो, जीप चालते. मोटारसायकल चालत नाही. वीस वर्षे ट्रॅक्टर हाकला म्हणून दुचाकीचे लायसन आपोआप होत नाही.

आता वयाचे. 'सोळा वर्षांला लायसन मिळते' हे वाक्य गावोगाव अर्धेच पोचले आहे. पूर्ण असे, की सोळा वर्षांला फक्त ५० सी.सी. पर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते, आणि त्यालाही पालकाची लेखी संमती लागते. आज कॉलेजला जाणारी मुले-मुली ज्या स्कूटर वापरतात त्या बहुतेक १०० ते १२५ सी.सी. च्या आहेत. त्यांना अठरा वर्षे पुरी हवीत. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, अगदी कमी ताकदीच्या हलक्या विजेच्या गाडीला लायसन लागत नाही. पण विजेची सगळीच गाडी बिनलायसनची असे समजून फसू नये. नंबर प्लेट असलेल्या विजेच्या स्कूटरला लायसन लागतेच.

अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर काय होते, हे बापाने जरा थांबून वाचावे. २०१९ च्या दुरुस्तीने पालक किंवा गाडीमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठेवला आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. प्रौढ माणूस बिनलायसनचा सापडला तर ५,००० रुपये दंड आहे, आणि त्याला गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच.

विम्यात तर याहून मोठे नुकसान आहे. मालक स्वतः गाडी चालवताना दगावला तर वारसाला १५ लाख रुपये मिळावेत अशी मालक-चालक अपघात विम्याची तरतूद २०१८ पासून आहे. पण त्या गाडीचे चालू लायसन मालकाकडे असणे ही त्यातली अट आहे. हप्ता आपण भरायचा आणि घरच्यांनी मोकळ्या हाताने परत यायचे, असे होऊ नये.

कार्यपद्धत अवघड नाही. आधी शिकाऊ लायसन, म्हणजे आपण 'लर्निंग' म्हणतो ते. अर्ज सारथी पोर्टलवर भरतात. रस्त्याच्या खुणांवर प्रश्न विचारतात, पोरे ते पाठ करतात. पाठ करण्यापेक्षा समजून घ्यावे. हे लायसन सहा महिने चालते. तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. मधल्या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडा 'एल' लावायचा, आणि मागे शिकवणाऱ्या लायसनधारकाशिवाय कोणाला बसवायचे नाही. मित्राला नाही, आईला बाजारालाही नाही. टेस्टला ज्या वर्गाचे लायसन हवे त्याच वर्गाची गाडी न्यावी. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते, त्यात कमीपणा नाही.

ज्यांच्या कार्डावर 'ओ' निघेल त्यांनी घाबरून एजंटाकडे धावू नये. जुने लायसन रद्द होत नाही. त्यात गिअरचा वर्ग वाढवून मिळतो; त्यासाठी त्या वर्गाचे लर्निंग काढून तीस दिवसांनी टेस्ट द्यावी लागते. टेस्ट होईपर्यंत मात्र घरातली मोटारसायकल लायसन असलेल्यानेच चालवावी. आणि कार्ड हातात आहेच तर मुदतीची तारीखही बघावी. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली. मुदतीच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येते. मुदत संपून वर्ष उलटले तर टेस्ट पुन्हा द्यावी लागते.