नाथांचे आजोबा

गेल्या आषाढीपूर्वी अंबड तालुक्यातील एका गावी आमचे कीर्तन झाले. आटोपल्यावर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा पाया पडून म्हणाला, "महाराज, आजोबा अंथरुणाला खिळलेत. म्हणतात, तू दिंडीत जा, माझी वारी चुकवू नको. पण त्यांना पाणी कोण पाजणार?" घरी तिसरे माणूस नाही.

पुंडलिकाचे नाव घेणे सोपे होते. पण आम्हांस आठवले ते पैठणचे चक्रपाणी. भानुदासांचे हे चिरंजीव; आईबापावेगळ्या एकनाथांना त्यांनीच वाढविले. नाथ न सांगता देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले, तो भाग आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या-म्हातारीला दोन वाक्यांत उरकतो. आमच्याकडूनही चाळीस वर्षे तेच झाले! चरित्रकार मात्र पुढचे सांगतात. आजोबांनी स्वामींचे आज्ञापत्र मिळविले, तीर्थे करून परतलेल्या नातवाच्या हाती दिले, आणि नाथ पैठणातच राहिले. म्हणजे घरी थांबविले ते गुरूनेच. १५७३ साली काशीत पुऱ्या झालेल्या भागवताच्या पहिल्याच अध्यायात, वंशाच्या नमनात, या आजोबांचेही नाव आहे.

मुलाला एवढेच सांगितले. म्हातारबुवांना काही ते पटेना. तेव्हा आम्हीच घरी गेलो. म्हणालो, "बाबा, तुमचे टाळ आमच्याबरोबर द्या. पोर राहू द्या."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग नातवाला म्हणाले, "खुंटीवरचे काढून दे रे."