नामापुढचं एक अक्षर
नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज लिहिणाऱ्यांचे मसुदे मी बरीच वर्षं तपासते आहे. काळ सगळ्यांनी घोटलेले असतात, घात होतो तो नामांपाशी. परदेशातल्या रुग्णालयासाठी अर्ज करणाऱ्या एका परिचारिकेनं आपल्या सेवेबद्दल लिहिताना 'एक्स्पीरियन्सेस' असं अनेकवचन केलं होतं. कामातून मुरलेला अनुभव सांगताना हे नाम एकवचनीच राहतं. अनेकवचन केलं की आयुष्यात आलेले निरनिराळे प्रसंग असा अर्थ होतो. मुलाखतीत तिला विचारलं, कोणते प्रसंग? कामात इतकी तरबेज मुलगी, पण ती तिथंच अडखळली. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

शाळेत नामाचे प्रकार पाठ करून घेतात. विशेषनाम, सामान्यनाम, भाववाचकनाम यांच्या व्याख्या येतात, पण लिहिताना लागतं ते वेगळंच: हे नाम मोजता येतं का? मराठी नाम आपल्या तोंडी लिंगासकट बसलेलं असतं, तसं इंग्रजी नाम या माहितीसकट बसायला हवं. नुसत्या अर्थावरून ते कळत नाही. आपण बातम्या ऐकतो, सल्ले देतो. इंग्रजीत 'न्यूज' आणि 'ॲडव्हाइस' मोजत नाहीत. 'न्यूज'च्या शेवटी 'एस' असूनही क्रियापद 'इज' येतं, तर 'पोलीस'ला 'एस' नसताना 'आर'. 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'इक्विपमेंट', 'एव्हिडन्स' यांना 'एस' जोडू नका. मोजायचंच असेल, तर आधी 'अ पीस ऑफ' घ्या.

उलट, मोजता येणारं नाम एकवचनात असेल, तर ते उघडं सोडू नका. 'आय ॲम नर्स' नव्हे, 'आय ॲम अ नर्स'. मराठीत 'मी परिचारिका आहे' एवढ्यावर भागतं, म्हणून हा 'अ' आपल्याकडून हमखास गळतो. 'वन ऑफ माय'नंतर मात्र 'फ्रेंड्स'च हवं.

नाम मोजता येतं की नाही, हे कोशात पाहता येतं. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. इंग्रजी शिकणाऱ्या परभाषकांसाठी त्यांनी केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला. त्यात कोणतं नाम मोजता येतं आणि कोणतं नाही, हे खुणेनं दाखवलं होतं. आजच्या विद्यार्थी-कोशांतही मोजता येणाऱ्या नामापुढे 'सी' आणि न मोजता येणाऱ्यापुढे 'यू' असं अक्षर असतं. काही नामांपुढे दोन्ही दिसतात: 'पेपर' म्हणजे कागद असेल तर 'यू', वर्तमानपत्र असेल तर 'सी'. नवं नाम वहीत उतरवताना मराठी अर्थाशेजारी हे अक्षर आणि त्याच अर्थाचं एक पूर्ण वाक्य लिहा. अर्ज पाठवण्यापूर्वी एकदा फक्त नामांसाठी वाचा.