कुमार कादंबरीतील दुःस्वप्नराज्ये आणि मॉर्मन श्रद्धा

गेल्या काही दशकांत कुमारवयीन वाचकांसाठी इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या ज्या कादंबऱ्यांना अफाट खप लाभला, त्यांत एका विशिष्ट प्रकाराचा भरणा मोठा आहे. भविष्यकाळातील एखादे राज्य. तेथे जन्मापासून मरणापर्यंत सारे काही आखून दिलेले. माणसांना सुखी ठेवण्याच्या नावाखाली त्यांच्यावर अहोरात्र पाळत. आणि या यंत्राविरुद्ध उभी राहणारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा. इंग्रजीत या प्रकाराला डिस्टोपिया म्हणतात. या लेखापुरता मी ‘दुःस्वप्नराज्य’ हा शब्द वापरणार आहे. झाम्यातिन, हक्स्ली आणि ऑर्वेल यांनी प्रौढ वाचकांसाठी रुजवलेला हा प्रकार लोइस लोरी यांच्या ‘द गिव्हर’ (१९९३) या कादंबरीने कुमारांच्या कपाटात आणला, आणि सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ने (२००८) तो घरोघरी पोचवला.

या कादंबऱ्यांच्या लेखकांची माहिती वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. ‘द मेझ रनर’चे (२००९) लेखक जेम्स डॅशनर, ‘मॅच्ड’च्या (२०१०) लेखिका ॲली काँडी, ‘द होस्ट’च्या (२००८) लेखिका स्टेफनी मेयर, ‘स्टीलहार्ट’चे (२०१३) लेखक ब्रँडन सँडरसन, आणि या सर्वांच्या आधीचे, ‘एंडर्स गेम’चे (१९८५) लेखक ऑर्सन स्कॉट कार्ड हे सारे मॉर्मन पंथाचे आहेत, आणि सारेच युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकलेले आहेत. हे विद्यापीठ पंथाचेच आहे. एवढ्या लहान समाजातून एकाच प्रकारचे इतके लेखक यावेत हा योगायोग म्हणावा काय? की त्यांच्या धर्मश्रद्धेतच असे काही आहे, जे या कथांत झिरपले आहे?

प्रथम पंथाविषयी थोडक्यात. जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. पंथाचे पूर्ण नाव ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. ‘मॉर्मन’ हे लोकांनी पाडलेले नाव, आणि २०१८ पासून पंथाने ते वापरू नये अशी विनंती केली आहे. मी ते केवळ सोयीसाठी वापरते. १८४४ साली इलिनॉयमधील तुरुंगात जमावाने स्मिथची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली हे लोक पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ साली युटामधील सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. बहुपत्नीत्वाची चाल पंथाने १८९० साली अधिकृतपणे सोडली.

आपल्यापैकी अनेकांची मॉर्मन या शब्दाशी पहिली ओळख झाली ती शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत, ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये (१८८७). तिचा दुसरा भाग होम्सला सोडून एकदम युटामध्ये जातो. लूसी फेरियर या मुलीने ड्रेबर आणि स्टँगरसन या दोन घरांतील मुलांपैकी एकाशी लग्न करावे असे पंथाचे पुढारी ठरवतात आणि तिला महिन्याची मुदत देतात. रोज सकाळी फेरियरच्या घरात कोठेतरी उरलेल्या दिवसांचा आकडा उमटलेला असतो, एकोणतीस, अठ्ठावीस... हा भाग आज वाचला तर तो हेरकथेपेक्षा दुःस्वप्नराज्याचाच वाटतो. कॉनन डॉयलने पंथाचे चित्र एकांगी रंगवले यात शंका नाही. पण मुद्दा असा की मॉर्मन लेखकांनी दुःस्वप्नराज्ये लिहिण्याच्या कितीतरी आधी मॉर्मन समाज हाच इतरांच्या कल्पनेतील दुःस्वप्नराज्य झाला होता. ‘प्रभाव आहे काय?’ हा प्रश्न विचारताना हा इतिहास विसरून चालणार नाही, कारण तो प्रश्न पुष्कळदा त्याच जुन्या संशयाने विचारला जातो.

दुसरी सावधगिरी पद्धतीची. साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. ‘मॅच्ड’मध्ये ‘सोसायटी’ सतराव्या वर्षी प्रत्येकाचा जोडीदार गणिताने ठरवते. हे वाचल्याबरोबर पाश्चात्त्य समीक्षकाला मॉर्मन विवाह आठवतो. मला पत्रिका आठवली. छत्तीस गुण, मंगळ आणि मध्यस्थ! काँडीबाई साताऱ्यात जन्मल्या असत्या तर आपण खुशाल म्हटले असते की हे सारे पंचांगातून आले. ‘द गिव्हर’मध्ये बाराव्या वर्षी समारंभाने मुलांना काम नेमून दिले जाते, आणि मॉर्मन मुलेही बाराव्या वर्षाच्या सुमारास धर्मसेवेच्या पहिल्या पायरीवर चढतात, पण लोइस लोरी मॉर्मन नाहीत. ‘डायव्हर्जंट’च्या (२०११) लेखिका व्हेरोनिका रॉथही नाहीत. तेव्हा दीक्षासमारंभ, गणवेश, वडिलांची आज्ञा अशा ठोकळ साम्यांवर काहीही सिद्ध होत नाही. ती या साहित्यप्रकाराची सामाईक मालमत्ता आहे.

प्रभाव सिद्ध व्हायचा तर खूण नेमकी हवी. अशा खुणा आहेत. १९७८ साली अमेरिकेत दाखवली गेलेली ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही दूरदर्शन मालिका ग्लेन लार्सन या मॉर्मन निर्मात्याची. तीत मानवाच्या मूळ ग्रहाचे नाव ‘कोबोल’ आणि राज्य चालवणारे मंडळ ‘बारांचे’. मॉर्मन ग्रंथात देवाच्या सिंहासनाजवळील ताऱ्याचे नाव ‘कोलोब’ आहे आणि पंथाचा कारभार बारा प्रेषितांचे मंडळ पाहते. येथे वादाला जागा नाही. कार्ड तर याहून उघड आहेत. त्यांच्या ‘द मेमरी ऑफ अर्थ’ (१९९२) या कादंबरीपासून सुरू होणारी माला म्हणजे मॉर्मन ग्रंथातील नेफीच्या कथेचाच अंतराळातील अवतार, आणि नायकाचे नावही नाफाई. ‘एंडर्स गेम’मध्ये दोनांपेक्षा अधिक अपत्यांना सरकारची बंदी आहे, एंडर हा परवानगीने जन्मलेला तिसरा. त्याची आई मॉर्मन घराण्यातील आणि वडील कॅथलिक घराण्यातील, आणि दोघेही ती गोष्ट झाकून ठेवतात. मोठे कुटुंब हे ज्यांच्या धर्मात पुण्य, त्यांना कुटुंबाचा आकार सरकारने ठरवणे किती जिव्हारी लागेल, हे वेगळे सांगायला नको.

डॅशनर आणि काँडी यांच्या कादंबऱ्यांत मात्र मॉर्मन हा शब्दही येत नाही. खरी अडचण येथे आहे, आणि खरी गंमतही.

मॉर्मन श्रद्धेनुसार मनुष्य जन्मापूर्वीही आत्मरूपाने देवाजवळ असतो. जन्म घेताना त्याच्या स्मृतीवर पडदा पडतो, आणि पृथ्वीवरील आयुष्य ही त्याची परीक्षा असते. ‘द मेझ रनर’ची सुरुवात पाहा. थॉमस अंधाऱ्या पेटीतून वर येतो; नावापलीकडे त्याला काहीच आठवत नाही; तो जेथे पोचतो तेथे सगळी मुले कोणा अदृश्य व्यक्तींनी लावलेल्या परीक्षेत अडकलेली. पुढे कळते की हा चक्रव्यूह रचण्यात खुद्द थॉमसचाच हात होता. पृथ्वीच्या योजनेला आत्म्यांनी जन्माआधीच संमती दिली होती ही मॉर्मन शिकवण ज्याला ठाऊक आहे, त्याला येथे थबकावेच लागते. परंतु स्मृती गमावलेला नायक ही कथाकारांची जुनी युक्ती आहे, आणि मोठ्यांविना राहिलेल्या मुलांचा समाज म्हटले की गोल्डिंगचे ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) आठवतेच. शिवाय येथील परीक्षक क्रूर आहेत. पित्याच्या प्रेमळ योजनेचा मागमूस नाही. प्रभाव म्हणायचाच झाला तर तो आरशात उलटा पडलेला आहे. मी डॅशनर यांच्याबाबत ‘शक्य आहे’ एवढेच म्हणेन.

‘मॅच्ड’ची गोष्ट वेगळी. कॅसिया या मुलीला तिच्या बालमित्राशी, झँडरशी, जोडले जाते; पण तिला मिळालेल्या माहितीपत्राच्या पडद्यावर क्षणभर काय नावाच्या दुसऱ्याच मुलाचा चेहरा दिसतो. येथून तिच्या मनात निवडीचा किडा शिरतो. मॉर्मन धर्मकथेत सृष्टीपूर्वी स्वर्गात एक वाद झाला. सैतानाने असा प्रस्ताव मांडला की मी एकही आत्मा वाया जाऊ देणार नाही, सर्वांचा उद्धार करीन. मात्र त्यासाठी माणसाचा निवडीचा अधिकार काढून घ्यावा लागेल. तो नाकारला गेला आणि एक तृतीयांश आत्मे त्याच्याबरोबर पतित झाले. म्हणजे मॉर्मन मुलाला लहानपणापासून सांगितली जाणारी मूळ कथाच मुळी अशी आहे की सर्वांच्या कल्याणाची हमी देणारा हुकूमशहा हा पहिला शत्रू होय. सोसायटीचे अधिकारी नेमकी हीच हमी देत असतात.

येथे कोणी म्हणेल, दोस्तोयेव्हस्कीचा धर्मन्यायाधीशही हेच म्हणतो, आणि तो तर रशियन. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून माझा भर या मोठ्या सूत्रावर नाही. कादंबरीतील एका छोट्या प्रसंगावर आहे.

सोसायटीत प्रत्येकाचा मृत्यू ऐंशीव्या वाढदिवशी ठरलेला. कॅसियाचे आजोबा ऐंशी वर्षांचे होतात. शेवटची मेजवानी होते, घरचे सारे जमतात, आणि त्यांच्या शरीराचा एक नमुना घेतला जातो. तो जतन केला म्हणजे पुढे विज्ञान माणसाला पुन्हा जिवंत करील अशी आशा सोसायटी दाखवते. हा नमुना नंतर हरवतो. मग उलगडते की तो हरवलेला नाही. आजोबांच्याच इच्छेवरून त्यांच्या मुलाने, कॅसियाच्या वडिलांनी, तो नष्ट केला आहे.

आता दुसरे चित्र पाहा. मॉर्मन लोक पूर्वजांची वंशावळ जमवण्यात जे श्रम घेतात त्याला तोड नाही. सॉल्ट लेक सिटीजवळ डोंगराच्या पोटात खडक कोरून केलेल्या कोठारात जगभरच्या नोंदींच्या सूक्ष्मफिती जपून ठेवल्या आहेत. हेतू असा की मेलेल्या पूर्वजांसाठी मंदिरात बाप्तिस्मा करता यावा आणि कुटुंब अनंतकाळ जोडलेले राहावे. मृतांना जपून ठेवणे, त्यांची नोंद, त्यांच्या पुनरुत्थानाची आशा हे ज्या समाजाचे नित्याचे काम, त्या समाजातील लेखिका अशी नोंद ठेवणारे सरकार रंगवते आणि म्हाताऱ्याकडून ते नाकारवते. लग्न आणि अमरत्वाची आशा या गोष्टीही सोसायटीच वाटते. आणि मॉर्मन मंदिरातील विधीही याच गोष्टींशी जोडलेले आहेत. मला हे साम्य योगायोगाचे वाटत नाही. येथे पंथावर टीका आहे असेही मी म्हणणार नाही. देवाकडून मागायची वस्तू सरकारकडून घेऊ नये, असा त्या नकाराचा अर्थ मला अधिक पटतो. वाचकाला तो दोन्ही बाजूंनी लावता येईल.

आणखी एक फरक नोंदवण्यासारखा आहे. ऑर्वेलच्या राज्यात मुले आईबापांची चहाडी करतात. हक्स्लीच्या राज्यात ‘आई’ हा शब्द अश्लील ठरतो. लोरींच्या राज्यात कुटुंब अर्ज करून मिळते. दुःस्वप्नराज्य कुटुंबाला मोडते किंवा नकली करते, हा जवळजवळ नियमच. काँडींच्या कादंबरीत मात्र आईवडील प्रेमळ आहेत, आजोबा नातीला लपवलेली कविता दाखवून जातात, आणि बापलेकांचे गुपित हेच पहिले बंड ठरते. प्रेमही पाहा: काय कॅसियाला हाताने अक्षरे काढायला शिकवतो, आणि त्यांच्या प्रेमाचा बराचसा भाग त्या शिकवणीत आहे. कॅसियाला लग्नातून सुटका नकोच आहे. लग्न कोणाशी हे तिला ठरवायचे आहे. एरवी बंडखोर म्हणवणाऱ्या कादंबरीत ही गोष्ट थोडी जुन्या वळणाची वाटते, आणि काहींना ती दोषास्पदही वाटेल. मला तेथेच लेखिकेचे घर दिसते.

जाता जाता, सगळ्यांत साधे कारणही सांगायला हवे. शिवीगाळ आणि उघड शृंगार ज्यांना लिहायचा नाही, त्यांना प्रौढांच्या वास्तववादी कादंबरीपेक्षा कुमारकथा आणि विज्ञानकथा अधिक मोकळ्या वाटणार. १८८८ साली ऑर्सन व्हिटनी या मॉर्मन धर्मगुरूने आपल्या समाजातही मिल्टन आणि शेक्सपिअर निपजतील अशी उमेद बाळगली होती. निपजले ते अंतराळयानांचे आणि चक्रव्यूहांचे कादंबरीकार.

ज्यांना हा प्रश्न स्वतः तपासून पाहायचा असेल त्यांनी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’चा दुसरा भाग वाचून लगेच ‘मॅच्ड’ हाती घ्यावे. पहिल्यात मुलीचा वर ठरवणारे मॉर्मन आहेत; दुसऱ्यात तो ठरवणाऱ्यांविरुद्ध मुलीला उभे करणारी लेखिका मॉर्मन आहे. मध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे.