पायांतील बळाचे मोजमाप

गुडघ्याची शस्त्रक्रिया, मांडीच्या हाडाचा अस्थिभंग किंवा पक्षाघात यांतून सावरणारा रुग्ण 'आता पायांत जोर आला' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या समाधानाचा मान राखूनही त्या विधानाची खातरजमा मोजमापानेच करावी लागते. कारण वेदना शमली म्हणजे स्नायू बळावला असे नव्हे, आणि मांडीचा घेर टेपने मोजावा तर सूज व चरबी हीही त्या आकड्यात बिनदिक्कत दाखल होतात.

हाताने तपासण्याची रीत सर्वांत रूढ. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मज्जातंतूंच्या इजांसाठी ठरविलेल्या श्रेणीत ० म्हणजे स्नायू पूर्ण निश्चेष्ट, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पाय उचलण्याइतके बळ आणि ५ म्हणजे स्वाभाविक शक्ती. दुर्बल स्नायूची पारख यातून चांगली होते; परंतु मांडीचा पुढचा स्नायू मुळातच इतका बलिष्ठ असतो, की त्याचे बरेचसे बळ गेलेले असतानाही तो तपासणाऱ्याच्या हाताला दाद देत नाही आणि रुग्णाच्या कागदावर ५ हा आकडा चढतो.

म्हणून डायनामोमीटर हे स्नायूंचे बळ आकड्यात मोजणारे उपकरण वापरावे. रुग्णाने खाटेच्या कडेला, गुडघा काटकोनात ठेवून बसावे. उपकरण घोट्याच्या किंचित वर नडगीवर टेकवून त्याला सर्व शक्तीनिशी पाय सरळ करावयास सांगावे. तपासणाऱ्याचा हात मागे रेटला गेला तर आकडा कमी भरतो, यास्तव उपकरण पट्ट्याने खाटेला जखडणे श्रेयस्कर. तुलनेसाठी दोन्ही पाय मोजावेत, मात्र दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्यास निरोगी पायही क्षीण होतो हे विसरू नये.

घरी करण्याजोगी चाचणी खुर्चीची. भिंतीला टेकवलेल्या, बिनचाकी, टणक बैठकीच्या खुर्चीवर बसून, हात छातीवर दुमडून, पाच वेळा पूर्ण उभे राहावे व बसावे; पाचव्यांदा उभे राहीपर्यंत १५ सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास पायांचे बळ उणे आहे असे समजावे. तोल व श्वासही या आकड्यात वाटेकरी असतात, तेव्हा एवढ्यावरून निदान ठरत नाही. पायावर भार देण्यास शल्यचिकित्सकाची मनाई असेल, तर ही चाचणी मुळीच करू नये. इतरांनीही सोबतीला कोणी असल्याखेरीज करू नये.

खुर्ची तीच, दिवसाची वेळ तीच ठेवून दर पंधरवड्यास तारीख व सेकंद वहीत टिपावेत, आणि पुढील भेटीस येताना ती वही आपल्या फिजिओथेरपिस्टसमोर अवश्य ठेवावी.