स्कूटरची बैठक : मऊ की आरामशीर?

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग नळदुर्ग ओलांडून पूर्वेकडे निघाला की वाटेत जळकोट लागते. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले हे गाव. या भागातली जमीन बरीचशी काळी आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ताही मग तिच्याबरोबर वरखाली होतो. म्हणून महामार्ग सोडून शेताशिवारातल्या रस्त्याला लागले की खड्डे नसले तरी लाटा असतातच.

अशा रस्त्यांवरून दूध घालायला, बाजाराला, शाळेत शिकवायला रोज स्कूटरने जाणारी माणसे आपण पाहतो. घरी पोचल्यावर ती कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहतात. मग कोणीतरी सल्ला देतो, "सीट बदला. चांगला जाड आणि मऊ फोम घाला." पैसे खर्च होतात, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा कंबर बोलू लागते. असे का व्हावे? मऊ बैठक आरामशीर असायला नको का?

या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. दाब, स्थितिस्थापकता आणि कंपन ही तीन प्रकरणे एकत्र वाचली की ते सापडते.

हादरा कोठून कोठे जातो?

जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. दगडावर चाक चढले की धक्का थेट साटीपर्यंत पोचे. म्हणून गाडीत कडबा पसरून त्यावर पोते किंवा घोंगडी अंथरत. तिथे सारे काम एकटी बैठक करी.

स्कूटरमध्ये हे काम तिघांत वाटलेले असते. पहिला हवा भरलेला टायर, दुसरी स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर, आणि तिसरी बैठक. बैठक या साखळीतली शेवटची कडी आहे. टायरमध्ये हवा प्रमाणापेक्षा जास्त असेल किंवा शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला असेल, तर कितीही चांगली बैठक त्याची भरपाई करू शकत नाही. म्हणून बैठकीला हात घालण्यापूर्वी या दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पुष्कळदा दुखणे तिथेच सापडते.

वजन किती जागेवर पडते?

बैठकीचे पहिले काम म्हणजे वजन पसरवणे. समजा, चालवणाऱ्याचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे. पायांचा काही भार स्कूटरच्या पाटावर पडतो. उरलेला सुमारे तीन चतुर्थांश, म्हणजे ४५ किलोग्रॅमचा भार, बैठकीवर येतो असे धरू. गुरुत्वीय त्वरण १० घेतले तर हे बल ४५० न्यूटन झाले.

आपण बसतो तेव्हा हा भार प्रामुख्याने कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन उंचवट्यांवर येतो. लाकडी फळीवर बसलो आणि त्यांच्याभोवतीची फक्त १०० चौरस सेंटिमीटर जागा टेकली, तर दाब होईल :

४५० ÷ १०० = ४.५ न्यूटन प्रति चौ. सेंमी.

तीच व्यक्ती शरीराच्या आकाराप्रमाणे वळणाऱ्या बैठकीवर बसली आणि ५०० चौ. सेंमी. जागा टेकली, तर :

४५० ÷ ५०० = ०.९ न्यूटन प्रति चौ. सेंमी.

भार तोच राहिला, पण दाब पाचपटींनी कमी झाला. बाजेवर निजलेल्याला आराम का वाटतो, हे आता लक्षात येईल. सुंभ शरीराच्या आकाराप्रमाणे झोल खाते आणि भार पसरवते.

आता आणखी एक आकडा पाहू. त्वचेतील केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब साधारणपणे पाऱ्याच्या ३२ मिलिमीटर उंचीइतका मानतात. म्हणजे सुमारे ०.४३ न्यूटन प्रति चौ. सेंमी. आपल्या चांगल्या बैठकीचा दाबही याच्या दुप्पट आहे! त्यामुळे एकाच जागी फार वेळ बसले की रक्तप्रवाह मंदावतो, मज्जातंतूही दबतात, आणि अंग अवघडते. जगातली कोणतीही बैठक हा त्रास पूर्णपणे टाळू शकत नाही. लांबच्या प्रवासात मधूनमधून थांबून पाय मोकळे करणे हा उपाय बैठकीत शिवून मिळत नाही.

हादऱ्याचा ताल

बैठकीचे दुसरे काम अधिक अवघड आहे. ते म्हणजे हादरे शमवणे.

झोपाळ्याला त्याच्या तालावर हलके धक्के दिले तरी तो उंच जातो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. बसलेल्या माणसाच्या धडालाही असा एक ताल आहे. उभ्या दिशेने हलवल्यास तो सेकंदाला सुमारे ५ कंपने, म्हणजे ५ हर्ट्झच्या आसपास असतो. वर-खाली होणारे ४ ते ८ हर्ट्झचे हादरे बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त जाचतात.

रस्ता हा ताल देतो का? स्कूटर ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर जात आहे असे समजा. रस्त्यावरचे उंचवटे दोन-दोन मीटरवर असतील, तर सेकंदाला १० ÷ २ = ५ हादरे बसतील. नेमका तोच ताल!

आता बैठक यात काय करते ते पाहू. बैठक ही एक स्प्रिंगच आहे आणि प्रत्येक स्प्रिंगला तिची स्वाभाविक वारंवारता असते. माणूस बसल्यावर बैठक किती सेंटिमीटर खचते, एवढे मोजले की ही वारंवारता काढता येते :

वारंवारता (हर्ट्झ) = ५ ÷ √खचण्याची खोली (सेंमी.)

बैठक १ सेंमी. खचली तर उत्तर ५ हर्ट्झ, २ सेंमी. खचली तर ३.५ हर्ट्झ आणि ४ सेंमी. खचली तर २.५ हर्ट्झ येते. स्प्रिंगचा नियम असा की स्वाभाविक वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीहून जलद हादरेच ती कमी करते. त्याहून संथ हादरे ती जसेच्या तसे पोचवते, आणि स्वतःच्या वारंवारतेजवळचे तर वाढवते. म्हणजे जेमतेम १ सेंमी. खचणारी पातळ, कडक बैठक ५ हर्ट्झचा हादरा कमी करण्याऐवजी वाढवील! २ सेंमी. खचणाऱ्या बैठकीचा उपयोग ५ हर्ट्झच्या पुढे सुरू होतो, तर ४ सेंमी. खचणारी बैठक ३.५ हर्ट्झच्या पुढचे हादरे शमवू लागते.

मग आणखी मऊ फोम घालून बैठक खूप खचू द्यावी, असे वाटेल. इथेच सल्ला देणाऱ्याची चूक होते. हे गणित साध्या स्प्रिंगचे आहे. फोम तिच्याहून वेगळा वागतो.

फोमच्या पोटात

वेस्पा स्कूटर इटलीत १९४६ मध्ये आली. तेव्हाच्या स्कूटरना पुढे चालवणाऱ्यासाठी वेगळे खोगीर असे आणि त्याखाली पोलादी स्प्रिंगा असत. आपल्याकडे १९७२ मध्ये पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज कारखान्याची चेतक आली. पुढे सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्स कारखान्याची प्रिया घरोघरी दिसू लागली. हळूहळू पोलादी स्प्रिंगांची जागा फोमने घेतली. आजच्या पेट्रोलच्या वा विजेच्या कोणत्याही स्कूटरची बैठक उसवली तर आत फोमच सापडेल.

हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधले. त्याचा घट्ट तुकडा पाण्याहून थोडा जड असतो. एक घनमीटर सुमारे १,२०० किलोग्रॅम भरते. दुकानात मिळणारा "३२ डेन्सिटी"चा फोम मात्र घनमीटरला केवळ ३२ किलोग्रॅम भरतो. भागाकार केला तर कळेल की त्यात जवळजवळ ९७ टक्के हवाच आहे! उरलेले ३ टक्के म्हणजे बारीक पोकळ्यांच्या काड्या.

अशा फोमवर हळूहळू वजन वाढवत गेले तर तीन अवस्था दिसतात. सुरुवातीला काड्या ताठ असतात, त्यामुळे फोम थोडाच दबतो. मग काड्या वाकू लागतात आणि थोड्याशा वजनानेही तो भराभर खचतो. शेवटी वाकलेल्या काड्या एकमेकींवर टेकतात, आत हवेला जागा उरत नाही, आणि फोम जवळजवळ दगडासारखा कठीण होतो.

चांगल्या बैठकीत माणूस मधल्या अवस्थेत बसलेला असतो. फार मऊ फोममध्ये तो बसताक्षणीच तिसऱ्या अवस्थेत पोचतो. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिला तेव्हा लोण्यासारखा वाटलेला फोम रस्त्यावर पत्र्यासारखा लागतो, तो यामुळे. त्यातच उंचवटा आला की बैठकीला आणखी खचायला वावच नसतो आणि सारा धक्का मणक्यांना बसतो. म्हणून बैठक खचावी, पण तळाला टेकू नये.

एक गैरसमज इथेच दूर करू या. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. डेन्सिटीवरून फोममध्ये माल किती आहे हे कळते. सामान्यतः जास्त डेन्सिटीचा फोम अधिक काळ टिकतो. एकाच डेन्सिटीचे दोन तुकडे मात्र एक मऊ आणि एक कडक असू शकतो.

बैठक सुधारायची तर

कुशनचे काम करणाऱ्या कारागिराकडे जाण्यापूर्वी पुढील गोष्टी मनाशी ठरवाव्यात.

१. थर दोन असावेत. खाली कठीण फोम, वर त्याहून मऊ. वरचा थर शरीराचा आकार घेऊन दाब पसरवतो; मोठ्या धक्क्याला खालचा थर उभा राहतो. फोमच्या तुकड्यांचा चुरा चिकटवून केलेला घट्ट फोम खालच्या थराला चालतो.

२. उतार काढावा. बैठक पुढे १० अंश उतरती असेल तर साइन १०° म्हणजे सुमारे ०.१७. ४५० न्यूटनपैकी सुमारे ७७ न्यूटन बल माणसाला पुढे ढकलत राहते. जणू कोणी ८ किलोग्रॅमचे ओझे पाठीशी लावून रेटतो आहे! ब्रेक दाबला की त्यात आणखी भर पडते. म्हणून बसण्याची जागा जवळजवळ सपाट हवी.

३. उंची वाढवताना जपावे. बैठक ३ सेंमी. उंच झाली की बुटक्या माणसाच्या टाचा अधांतरी राहतात. थांबताना तोल जाण्याची भीती असते. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत, ही अट आरामाच्याही आधी येते. शक्य तेथे जुन्या फोमचा काही भाग काढून त्या जागी नवा थर बसवावा.

४. आवरणही महत्त्वाचे आहे. काळे रेक्झीन उन्हात तापते आणि घाम शोषत नाही. ताठ आवरण ताणून बसवले तर मऊ फोमही ढोलाच्या कातड्यासारखा वागतो. घडी करून टाकलेली घोंगडी हवा खेळती ठेवते, पण सैल घोंगडी वळणावर सरकते. ती घट्ट बांधलेली असावी.

५. सांगाडा, बिजागरी आणि कुलूप यांना हात लावू नये. काम झाल्यावर बैठक नीट मिटून कुलूपबंद होते ना, हे पाहावे. काही स्कूटरना बैठकीखालीच पेट्रोलच्या टाकीचे झाकण असते आणि फोम चटकन पेट घेतो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. म्हणून फोम धारदार सुरीने मोठ्यांनीच कापावा. तापलेल्या तारेने कापू नये.

एवढे करूनही कंबर दुखतच राहिली तर मात्र कारागिराकडे नव्हे, डॉक्टरांकडे जावे.

करून पहा

कारागिराकडून फोमचे दोन-तीन निरनिराळे उरलेले तुकडे मागून आणा. प्रत्येकाचा १० सेंमी. लांब व १० सेंमी. रुंद तुकडा मोठ्यांकडून कापून घ्या. त्यावर तेवढीच लाकडी फळी ठेवा. किराणा दुकानातली वजने वापरून १ किलोग्रॅमपासून ९ किलोग्रॅमपर्यंत भार वाढवत जा आणि दर वेळी फोमची जाडी पट्टीने मोजा. वजने पडू नयेत म्हणून मित्राला बाजूने हात धरायला सांगा. १०० चौ. सेंमी.वर ९ किलोग्रॅम म्हणजे ०.९ न्यूटन प्रति चौ. सेंमी. हा आपल्या स्वाराचाच दाब झाला.

भार आडव्या अक्षावर आणि खचणे उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. ९ किलोग्रॅमला ज्या तुकड्याची रेषा अजून चढत असेल, त्यात धक्क्यासाठी वाव शिल्लक आहे. जिची रेषा आडवी झाली असेल, तो तुकडा तळाला टेकला. मग मऊ तुकडा कठीण तुकड्यावर ठेवून हाच प्रयोग पुन्हा करा.

दुसरा प्रयोग सोपा आहे. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा बाकावर ठेवून त्यावर दोन मिनिटे पाय थोडे उचलून बसा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतील. त्यांमधले अंतर मोजा आणि वर्गातल्या मुलामुलींच्या मोजमापांशी ताडून पहा. तुमच्या घरच्या स्कूटरची बैठक या दोन जागांना पुरेसा आधार देते का?

विचार करा

१. उंचवटे दोन मीटरवर असताना स्कूटरचा वेग ताशी १८ किलोमीटर केला, तर सेकंदाला किती हादरे बसतील? २ सेंमी. खचणारी बैठक ते शमवील का? ४ सेंमी. खचणारी शमवील का?

२. एकाच बैठकीवर ४० किलोग्रॅमची विद्यार्थिनी आणि ८० किलोग्रॅमचे गृहस्थ बसले. दोघांनाही ती सारखीच आरामशीर वाटेल का? तुमच्या आलेखावरून उत्तर द्या.

३. घोंगडीची घडी दाब पसरवते की हादरा शमवते? ९ किलोग्रॅमच्या भाराखाली ती किती खचते हे मोजा आणि मग ठरवा.