प्रोटॉनची साद आणि हृदयाच्या रोहिण्या

नांदेड आकाशवाणीचे एफ.एम. केंद्र १०१.१ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेवर लागते. रेडिओचा काटा तेथे आणला की कार्यक्रम ऐकू येतो. जरा सरकला की नुसती खरखर! हा अनुस्पंदनाचा परिणाम. एम.आर.आय. यंत्र आपल्या शरीरातील हायड्रोजनची अणुकेंद्रे, म्हणजेच प्रोटॉन, याच तत्त्वाने ‘ऐकते’.

१ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनची वारंवारता ४२.५८ मेगाहर्ट्‌झ असते. म्हणून १.५ टेस्लाच्या यंत्रात ती सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झ होते. तेवढ्याच वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडल्या की प्रोटॉन ऊर्जा घेतात आणि लहरी थांबताच स्वतः संदेश देतात. येथे क्ष-किरण वापरावे लागत नाहीत. वाहत्या द्रवातील अशा अनुस्पंदनाचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांनी १९५१ मध्येच प्रसिद्ध केला होता. रक्त हाही वाहता द्रवच!

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्‌रोहिण्या जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असतात. रक्तात पाणी, स्नायूतही पाणी. मग चित्रात त्या वेगळ्या कशा दिसाव्यात? यासाठी गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून देतात. गॅडोलिनियमच्या आयनात ७ अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात. या चिमुकल्या चुंबकांमुळे जवळच्या पाण्यातील प्रोटॉन लवकर पूर्वस्थितीला येतात. म्हणजेच त्यांचा ‘शिथिलन काल’ घटतो.

धारित्र प्रभारित होते त्याच नियमाने, एक शिथिलन काल उलटला की ६३ टक्के चुंबकत्व परत येते. स्नायूचा हा काल १ सेकंद व औषधमिश्रित रक्ताचा ०.१ सेकंद धरू. ०.१ सेकंदानंतर स्नायूत सुमारे १० टक्के, तर रक्तात ६३ टक्के चुंबकत्व परतलेले असेल. म्हणून रक्त उजळ दिसते.

पण हृदय थांबत नाही! मिनिटाला ७५ ठोके, म्हणजे एका ठोक्याला ०.८ सेकंद. त्यातील हृदय जवळजवळ स्थिर असण्याचा क्षण ई.सी.जी.च्या साहाय्याने निवडतात. श्वासाची हालचालही सांभाळावी लागते. यामुळेच हृद्‌रोहिण्यांतील अडथळा पाहण्यासाठी आजही डॉक्टर बहुधा सी.टी. किंवा नळीची अँजिओग्राफी सुचवतात. झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूवर पडलेला व्रण दाखवण्यात मात्र गॅडोलिनियमयुक्त एम.आर.आय. फार उपयोगी ठरतो.

सुटे गॅडोलिनियम विषारी असते, म्हणून औषधात ते मोठ्या रेणूच्या पिंजऱ्यात जखडलेले असते. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा शरीरात पेसमेकर वा धातूची वस्तू असेल, तर तपासणीपूर्वी ते सांगितलेच पाहिजे.

सोडवून पाहा : (१) ३ टेस्लाच्या यंत्रात प्रोटॉनची वारंवारता किती? (२) प्रोटॉनची वारंवारता नांदेड केंद्राइतकी व्हायला किती टेस्लाचे क्षेत्र लागेल?

(उत्तरे : सुमारे १२७.७ मेगाहर्ट्‌झ, सुमारे २.३७ टेस्ला.)